दक्षिणेचा दरबार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरची लावणं. मी बोटानं खड्डा करायचो, ती रोप ठेवून माती दाबायची. अर्धा वाफा झाला. मग कंबर सरळ करून ती म्हणाली, "उत्तरेनं पुन्हा तेच केलं."

उत्तर म्हणजे मी. दक्षिण म्हणजे आमची मंडळी, सुंदराबाई. हे दोन दरबार जपानचे. पण आमच्या डोणगावच्या घरात ते कैक वर्षं नांदले, म्हणून उलगडून सांगतो.

गावात तिला जपानवाली म्हणत. मी दुसरीतून शाळा सोडली, तिनं शाळेचं दार बाहेरूनच पाहिलेलं. जपान कोणत्या दिशेला हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी रूसच्या बादशहाला हरवलं, एवढंच बाजारात ऐकलं होतं. पण नागपूरकडून बदलून आलेल्या हेडमास्तरांजवळ जपानच्या इतिहासाचं पुस्तक होतं आणि दुपारी ते ओसरीवर बायकोला वाचून दाखवत. सुंदरा तिथं भाजी द्यायला जाई. आधी उभ्याउभ्या देऊन येई. पुस्तक निघाल्यावर ती शेंगा निवडून द्यायला बसू लागली, मग लसूण सोलून द्यायला. मास्तरीणबाई खूष. मी घरी भाकरीची वाट पाहत बसलेला.

गोष्ट अशी. पाच-सहाशे वर्षांमागं जपानच्या गादीवर दोन भावांचे वंश हक्क सांगू लागले. तोड निघाली की एकदा याच्या घरचा बसेल, एकदा त्याच्या. सुंदराला हे लगेच उमगलं. आमची विहीर चुलतभावाच्या सामाईकीत आहे, चार दिवस त्याची मोट, चार दिवस आमची.

"म्हंजे पाण्याची पाळीच हाय," ती म्हणाली. "आन् पाळी मोडली का डोकी फुटतात."

तिथंही फुटली. एक राजा बाईचे कपडे घालून राजधानीतून पळाला आणि दक्षिणेच्या डोंगरात जाऊन बसला. जाताना राजेपणाच्या तीन वस्तू घेऊन गेला, आरसा, तलवार आणि मणी. मागं राजधानीत दुसरा राजा होताच. झाले दोन दरबार. एकाजवळ राजधानी, एकाजवळ वस्तू.

मी म्हणालो, राजधानीत बसला तो राजा. ती म्हणाली, वस्तू ज्याच्याजवळ तो. तिथून आमचं सुरू झालं.

एकदा मी तिच्या वरणात वरून मीठ घातलं, तेही तिच्यासमोर. ती उठली. कोनाड्यातला आरसा घेतला, भाजी कापायचा विळा घेतला, तिच्या मायची लाखेच्या मण्यांची माळ घेतली. तिन्ही पदरात बांधून गावाच्या दक्षिणेला आमचं वावर आहे, तिथल्या खोपीत जाऊन बसली. जाताना शेजारच्या रहीमभाई पिंजाऱ्याला सांगून गेली, "त्याईले सांगजा, दरबार आता खोपीत हाय."

मी म्हटलं, जाऊ दे. पण विळ्याबिगर वांगं चिरता येईना आणि आरशाबिगर फेटा वाकडा बसे. पुढं पुढं माझा फेटा पाहूनच लोक ओळखत. पारावर कोणी तरी विचारीच, "काऊन बे, राजानं डोंगर गाठला का?"

एका खेपेला मी हुशारी केली, विळा आधीच लपवून ठेवला. ती हसत हसत गेली. मी लपवला तो बोथट निघाला, खरा तिनं चार दिवसांआधीच खोपीत नेलेला. "त्या राजानंबी उत्तरेले खोट्याच वस्तू देल्ल्या होत्या," असं रहीमभाईजवळ निरोपात सांगितलं.

तिला आणायला मी दर खेपेला रहीमभाईलाच पाठवी. तो सांगे, "भाऊ, तुमीच जा ना." मी म्हणे, राजा वकील पाठवतो, स्वतः जात नाही. मग तो गुळाचा खडा घेऊन जाई आणि दिवस मावळायच्या आत तिला घेऊन येई. पुढं ती, पदरात तीन वस्तू. मागं खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेतलेला रहीमभाई. घरात आल्यावर ती आरसा कोनाड्यात ठेवी, माझ्याकडं पाही आणि चुलीशी बसे. मी काही बोलत नसे. बोलायला पाहिजे होतं, हे आता कळतं.

मी एकदा मास्तरांना खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तिच्या डोंगरातल्या राजानंही पाळी मानली नव्हती, त्याला आपल्याच पोराला बसवायचं होतं. मी आनंदानं घरी आलो. जेवताना सांगितलं. तिनं घास खाली ठेवला.

"मोडली असंन त्यानं पाळी," ती म्हणाली. "पण इतके वर्सं तो डोंगरात बसला. उत्तरेचा राजा एक डाव तरी सोता गेला का त्याले बोलवाले?"

मी म्हटलं, राजे असे जात नाहीत.

पुस्तकात शेवटी तह झाला. पुन्हा पाळीनं बसू, असा शब्द उत्तरेनं दिला. दक्षिणेचा राजा, आता पहिल्याचा नातू, डोंगरातून उतरला, तिन्ही वस्तू हातात दिल्या. उत्तरेनं वस्तू घेतल्या आणि पाळी काही दिली नाही. त्या दिवशी सुंदरा घरी येऊन चूल न पेटवता रडत बसली. शेकडो वर्षांमागं मेलेल्या माणसासाठी रडते म्हणून मी आधी हसलो. मग तिचं रडणं थांबेना, तेव्हा म्हटलं, चल, आपणही तह करू. विहिरीजवळच्या वाफ्यात एक साल मी म्हणेन ते लावायचं, एक साल तू म्हणशील ते. रहीमभाई साक्षीदार. तिनं त्याच्यासमोर विळा माझ्या हातात दिला.

माझ्या पाळीला मिरची लागे, तिच्या पाळीला वाळूक, आमच्याकडची काकडी. वाळकं तोडून ती आधी मला देई, मग रहीमभाईच्या घरी, मग साऱ्या आळीत. हे वर्षानुवर्षं नीट चाललं.

यंदा पाळी तिची होती. बी राखेत घोळून चिंधीत बांधून खुंटीला टांगलेलं. आणि मी बाजारातून मिरचीची रोपं घेऊन आलो. म्हटलं, वाळकं खायला आपल्याला दात कुठं राहिले? मला वाटलं, जाईल खोपीत. आरसा आणि विळा तिच्या नजरेसमोर राहतील असे ठेवलेही. ती गेली नाही. माझ्यामागं वाकून रोपांची माती दाबत राहिली.

संध्याकाळी अंग तापलं. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला सारे जेवून आपापल्या गावी परतले. रहीमभाई तेवढा ओट्यावर बसून राहिला. मी म्हटलं, या खेपेला ती खोपीत गेली नाही, थकली असंन.

"भाऊ, एक बात सांगू?" तो म्हणाला. "मी जावो ना, तवा भाभी खोपीत दोन पोते आंथरून बसेल राहे. मले पाहून एक गुंडाळून ठेवे. हर टायमाले एकच पुसे, ते काऊन नाई आले?"

"मंग तू काय सांगे?"

"म्हनो, काम हाय त्याईले."

मी विचारलं, हे इतकी वर्षं मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, भाभीनं कसम घातली होती. सांगून आणलेला माणूस तिला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेटा बांधला, आरशात न पाहता. आरसा, विळा आणि माळ उपरण्यात बांधली, खुंटीवरची चिंधी घेतली. रहीमभाई दारात उभा होता. वावरात जाऊन मिरची उपटली. तिनं दाबलेली माती घट्ट होती, रोपं लवकर निघेनात. मग आळी केली आणि वाळकाचं बी टोबलं.

खोपीत दोन पोती आढ्याला खोचलेली होती. दोन्ही आंथरली आणि एकावर बसलो.