खोब्रागडेबाईंची वरची जमीन

जेसीबीचा आवाज आला की खोब्रागडेबाई जेवण अर्धं टाकून उठतात. डबा उघडा, हात खरकटा, आणि खिडकीशी उभं राहून एकच प्रश्न, "कोनाची मशीन होय ते? कोनाले विचारून खोदून राह्यला?"

भद्रावतीकडची आमची कोळशाची खाण भुयारी आहे. कोळसा खाली, जंगल वर. वर साधा खड्डा करायचा तरी परवानगी लागते, आणि परवानग्यांचं काम ऑफिसात बाईंकडे. मी सर्वेअर, माझं टेबल त्यांना लागून. "खाली काय करता ते तुमचं तुम्ही पाहा," त्या म्हणतात, "वरचं मले विचारा."

त्यांच्या धाकानं कॉलनीत जयंतीच्या मांडवाचे खांबसुद्धा वाळूच्या ड्रमात उभे राहतात. गोट्यांसाठी गल खणणारी पोरं त्या दिसल्या की आधीच सांगून टाकतात, "बाई, परवानगी हाये." बाई हसत नाहीत. त्यांना खरंच धास्ती असते.

गेल्या उन्हाळ्यात ती फारच वाढली. खाणीच्या एका भागात हवा कमी पडत होती, म्हणून जंगलातून खाली हवेचा शाफ्ट, म्हणजे उभी विहीरच, पाडायचा होता. वनखात्याची परवानगी आली ती अटी घेऊनच: आखून दिलेल्या हद्दीबाहेरचं झाड तोडायचं नाही, माती हद्दीबाहेर टाकायची नाही. बाईंनी हद्दीवर लाल झेंड्या लावल्या आणि त्या जागेवर आहेत ना, हे पाहायला रोज स्कूटीवरून जाऊ लागल्या. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर त्यांनी जेवणच कमी केलं.

एका दुपारी ठेकेदाराचा ट्रकड्रायव्हर झेंड्यांपलीकडे माती ओतू लागला. बाईंनी चौकीदाराची खुर्ची ओढली आणि त्या ट्रकच्या मागे जाऊन बसल्या. मॅनेजरसाहेब धावत आले.

"बाई, खाली माणसं उकडून निघताहेत आणि तुम्ही मातीसाठी काम अडवता?"

"आज माती बाहेर गेली, तर उद्या फॉरेस्टवाले काम बंद करतीन. मंग खाली हवा कशी जाईन, साहेब?" त्या उठल्या नाहीत.

पलीकडे सांडलेली माती घमेल्यांनी परत भरण्यात आठवडा गेला. सगळ्यांनी बाईंना नावं ठेवली, मीही. ती भरून होते न होते तोच वनखात्याचे अधिकारी न कळवता तपासणीला आले. ते हद्दीवरून टेप लावत फिरत होते तोवर बाईंनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

"ठीक आहे. चालू द्या काम," ते म्हणाले.

बाईंनी माझी बाही सोडली आणि पाणी मागितलं.

शाफ्टवरचा पंखा सुरू झाला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. बाई कुठे दिसेनात. त्या खाली गेल्याचं कळलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या कधी खाणीत उतरल्या नव्हत्या. मी मागोमाग गेलो.

नव्या हवेच्या झोतात त्या एका लाकडी ठोकळ्यावर बसल्या होत्या. हेल्मेट तिरकं, पदर फडफडत होता. त्यांचे यजमान याच खाणीत कामाला होते, मी त्यांना ओळखत होतो. आजारपणात ते गेले आणि त्यांच्या जागी बाई नोकरीला लागल्या.

"याच भागात ड्यूटी होती न त्यांची?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तवा लई गरम होत होतं का इथी, भाऊ?"

"शिफ्ट संपली की बोलायचंसुद्धा त्राण राहत नसे, बाई."

त्यांनी वरून येणाऱ्या हवेकडे तोंड केलं.

"घरी आले का गप बसून राहत," त्या म्हणाल्या. "मले वाटे, माह्यावर रागावले हायेत. मंग मीबी बोलत नव्हती."