आठ पायांचा साक्षीदार

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या सांता इफिजेनिया भागात गेम खेळायचा राखाडी डबा कारखान्यातून जसा येतो तसा वापरणं हे अडाणीपणाचं लक्षण मानलं जाई. नवा डबा घेतला की लोक तो घरी न नेता थेट गॅलरीतल्या, म्हणजे दुकानांच्या बोळातल्या, एकतीस नंबरच्या गाळ्यात आणत. तिथे जोसिमार बसे. तो डब्याचं झाकण उघडी, आतल्या सर्किटच्या पाटीवर आठ पायांची एक चिप बसवी, आणि मगच तो डबा चारचौघांत वापरण्याजोगा झाला असं समजलं जाई. ही एकोणीसशे नव्याण्णव सालची गोष्ट.

चिप जोसिमार स्वतः तयार करी. कोरी चिप घ्यायची, संगणकाच्या प्रिंटरच्या खाचेला जोडलेल्या घरगुती पाटीत खोचायची, प्रोग्रॅम सोडायचा आणि एक कॉफी संपेपर्यंत थांबायचं. एवढ्यात तिला पाठ होई ते एकच वाक्य. डबा सुरू होताना गेमच्या तबकडीला विचारतो, "तू अस्सल का?" अस्सल तबकडीच्या आतल्या कडेला कारखान्याची खूण असते, ती तिच्या वतीने उत्तर देते. नकली तबकडीला खूण नसते, म्हणून ती गप्प राहते. अशा वेळी तिच्याऐवजी चिप उत्तर देई, "अस्सल आहे." डबा समाधानाने गेम सुरू करी. पाच तारा, कथलाचे पाच टाके, वर गरम गोंदाचा एक थेंब. जोसिमारचा टाका इतका स्वच्छ असे की बाकीचे गाळेवाले गिऱ्हाईक नसताना तो बघायला येत.

मध्यंतरी नव्या गेममध्ये एक लबाडी आली. खेळ रंगात आला की डबा कोणालाच काही न विचारता नुसता कान देई. जुनी चिप बिचारी "अस्सल आहे, अस्सल आहे" घोकतच असायची, ती पकडली जाई आणि पडदा लाल होई. त्यात गंमत अशी की तबकडी खरोखर अस्सल असली तरी पडदा लालच. जोसिमारने तीन दिवस खपून नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात भर एवढीच होती, की एकदा सांगायचं आणि मग तोंड मिटायचं. त्या दिवसापासून गॅलरीत त्याला उस्ताद म्हणू लागले.

अशा सुरळीत चाललेल्या धंद्यात एका सोमवारी नगरपालिकेचं परिपत्रक आलं. ग्राहकांची फसवणूक रोखण्याच्या पवित्र हेतूने असं ठरवण्यात आलं होतं, की दुरुस्तीच्या प्रत्येक गाळ्यात तंत्रज्ञाच्या डिप्लोम्याची साक्षांकित प्रत लावलेली असावी. शुक्रवारी तपासणी होईल. प्रत नसेल त्या गाळ्याला सील लागेल आणि तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या अर्जदाराला मिळेल. यादीत पहिलं नाव मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याचं होतं आणि तो माप घ्यायची फीत घेऊन गॅलरीत दोन चकरा मारूनही गेला होता.

समोरच्या गाळ्यातला, नकली तबकड्या विकणारा क्लेबर परिपत्रक वाचून घामाघूम झाला. जोसिमार मात्र गालात हसला. त्याच्याकडे डिप्लोमा होता, आणि तो खरा होता. पत्र्याच्या कारखान्यातली पाळी संपवून तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्याने तो मिळवला होता. आईने त्याला चौकट करून दिली होती. अकरा वर्षं तो गाळ्याच्या भिंतीवर होता. सबंध गॅलरीत भिंतीवरची खरी वस्तू तेवढी एकच, आणि जोसिमारला तिचा मनापासून अभिमान होता.

मंगळवारी तो चौकट काखोटीला मारून कार्तोरियोत गेला. प्रतीवर "मुळाबरहुकूम" असा शिक्का मारून देणाऱ्या या कचेऱ्या त्या देशात कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय माणसाला जन्मही घेता येत नाही. तीन नंबरच्या खिडकीत दोना नेउझा, म्हणजे नेउझाबाई, बसल्या होत्या. त्यांनी डिप्लोमा पाहिला, संस्थेच्या संचालकांची सही पाहिली आणि नमुना-सह्यांच्या कार्डांचा खण धुंडाळला.

"या सहीचं कार्ड आमच्याकडे नाही. संचालकांना घेऊन या."

"ते वारले, दोना नेउझा. आठ वर्षं झाली."

"मेलेल्यांची कार्डं तळघरात जातात. तळघर दुरुस्तीसाठी बंद आहे."

"कधी उघडेल?"

"दुरुस्ती सुरू झाली की सांगता येईल."

जोसिमारने घसा साफ केला. "म्हणजे तुमच्या मते ही सही खोटी?"

"खोटी असं मी म्हटलं का?" दोना नेउझा दुखावल्या. "खोटी असती तर निदान कुणाची तरी असती. ही कुणाचीच नाही. कार्ड नाही म्हणजे माणूस नाही, आणि माणूस नाही तर सही कशी असेल? पुढचा!"

पुढचा क्लेबर होता. त्याच्या हातात इतका ताजा डिप्लोमा होता की कागद अजून बोटांना चिकटत होता. दोना नेउझांनी सही पाहिली, कार्ड काढलं, दोन्ही शेजारी धरली आणि प्रतीवर शिक्का मारला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर आल्यावर जोसिमारने तो कागद वाचला. "विमानांचं इलेक्ट्रॉनिक्स? क्लेबर, तुला पंख्याची वायर जोडता येत नाही!"

"रेडिओ-टीव्हीचे संपले होते रे. चौकात आज झुंबड आहे. विमानाचाच शिल्लक होता, वर सूट पण दिली." क्लेबरने कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "तुझं काय झालं? तुझा तर खरा आहे ना?"

"खरा आहे म्हणूनच अडलाय."

"मग रडतोस काय असा? उस्ताद ना तू? डबा अडला की काय करतोस?"

जोसिमारला हे पटलं. बुधवारी सकाळी तो कचेरीतल्या बाकावर बसला आणि एखादी अनोळखी पाटी न्याहाळावी तसा त्याने कारभार न्याहाळला. तासाभरात त्याच्या ध्यानात आलं, की दोना नेउझा कागद फारसा बघतच नाहीत. अडचणीचा कागद आला की त्या मान वर करतात. खिडकीशेजारी कोपर टेकून सेउ आमिल्कार नावाचे एजंट उभे असतात. ते म्हणतात, "हे आपल्या ओळखीचं आहे, दोना नेउझा." शिक्का पडतो. मग सेउ आमिल्कार कॉफी प्यायला जातात. पाटीवर चिप कुठे बसवलेली आहे ते जोसिमारला कळलं.

त्याने सेउ आमिल्कारांना गाठलं, व्यवहार ठरला आणि दुपारी दोघं खिडकीशी उभे राहिले. दोना नेउझांनी तोच डिप्लोमा पाहून मान वर केली.

"हे आपल्या ओळखीचं आहे, दोना नेउझा," सेउ आमिल्कार म्हणाले.

शिक्का उचलला गेला. शाईच्या गादीवर टेकला. पुन्हा वर गेला. आणि जोसिमारला भरून आलं.

"खराच आहे तो, बाई," तो म्हणाला. "अगदी अस्सल. तीन वर्षं शिकलोय मी. एकदासुद्धा वर्ग बुडवला नाही. शप्पथ घेऊन सांगतो, अस्सल आहे. अहो, संचालकांनी माझ्यासमोर सही केलीय. अस्सलच आहे."

शिक्का हवेतच थांबला. मग सावकाश खाली, पण बाजूला, ठेवला गेला.

"इतका अस्सल आहे," दोना नेउझा म्हणाल्या, "तर एजंट कशाला आणलात?"

त्यांनी लाल पेन उचललं आणि नोंदवहीत त्या डिप्लोम्यापुढे लिहिलं, "संशयास्पद. अर्जदार आग्रही."

बाहेर पायरीवर सेउ आमिल्कारांनी त्याची हजेरी घेतली. "बावीस वर्षं मी त्या खिडकीशी उभा आहे. एक वाक्य बोलतो आणि तोंड मिटतो, म्हणून टिकलोय. चिपा बनवतोस म्हणे तू! मी सांगितल्यावर तुला बरळायची काय गरज होती?"

तीन दिवस खपून जे जोसिमारने चिपेला शिकवलं होतं, ते त्याला स्वतःला जमलं नव्हतं.

आता तो कागद कुठल्याही खिडकीत चालणार नव्हता. गुरुवार उजाडला. कव्हरंवाला गाळ्यासमोर येऊन कुठला रंग द्यावा याचा विचार करत होता. जोसिमार उठला आणि चौकात गेला.

चौकात इस्त्रीचा सदरा घातलेला एक गृहस्थ छत्रीखाली घडीच्या खुर्चीवर बसे. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. त्याने नमुन्यासाठी जोसिमारचा डिप्लोमा मागून घेतला, चष्मा पुसला आणि कागद उजेडात धरला.

"कुणाचं काम हे?"

"संस्थेचं."

"हौशी आहे." प्रोफेसरने जीभ टाळूला लावून च्यक् केलं. "शिक्का तिरका, शाई फिकी, कडेला नक्षी नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण हे बघून कोण विश्वास ठेवील?"

"तो खरा आहे हो."

"असेल की. खरेपणाला कुणी नावं ठेवतंय का? मी कामाबद्दल बोलतोय." त्याने कोरा कागद काढला. "सही माझ्या मेहुण्याची राहील. तब्येत ठणठणीत आहे, कार्ड शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांत आहे. गुण किती घालू?"

"होते तेवढेच घाला. सदुसष्ट टक्के."

"सदुसष्ट? एवढे कमी गुण खोट्या डिप्लोम्यावर कुणी घेत नाही. संशय येईल. ब्याण्णव घालतो."

"प्रोफेसर, मी खरंच शिकलोय हो."

"हरकत नाही," प्रोफेसर समजुतीने म्हणाला, "त्याने काही बिघडत नाही."

दुपारी तीन नंबरच्या खिडकीत जोसिमार दाताखाली जीभ धरून उभा राहिला. दोना नेउझांनी नक्षी पाहिली, सही पाहिली, कार्ड काढलं. शिक्का पडला.

"बघा, हे कसं काम आहे!" त्या प्रेमाने म्हणाल्या. "हाच आधी आणला असतात तर दोन दिवस माझं डोकं उठलं नसतं."

शुक्रवारी अकरा वाजता इन्स्पेक्टर आला. तिथे साहेबलोकांना डॉक्टर म्हणायची पद्धत आहे, म्हणून सगळी गॅलरी "या डॉक्टर, बसा डॉक्टर" करू लागली. क्लेबरचा कागद पाहून डॉक्टरांनी विमानांच्या सुरक्षिततेविषयी दोन शब्द काढले आणि पुढे निघाले. एकतीस नंबरमध्ये त्यांनी साक्षांकित प्रत घेतली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि यादीवर खूण केली. कव्हरंवाल्याने फीत गुंडाळून खिशात घातली.

जाता जाता डॉक्टरांची नजर भिंतीवर गेली.

"आणि हे काय?"

घाईघाईत जोसिमारकडून चौकट पुन्हा खिळ्याला लावली गेली होती. तो खिळा त्याच्या हाताला सवयीचा होता.

"तोही माझाच डिप्लोमा, डॉक्टर."

"एका माणसाचे एकाच शिक्षणाचे दोन? सह्या वेगळ्या, गुण वेगळे." डॉक्टरांनी पेन उघडलं. "यातला एक खोटा असणार."

"हो, डॉक्टर."

"कुठला?"

जोसिमारने भिंतीकडे पाहिलं. तिरका शिक्का, फिकी शाई, सदुसष्ट टक्के, आईने करून दिलेली ती चौकट. मग त्याने डॉक्टरांच्या हातातल्या साक्षांकित प्रतीकडे पाहिलं. त्याने हात उचलला आणि भिंतीकडे बोट केलं.

त्याने एकदाच दाखवलं आणि तोंड मिटलं.

"प्रामाणिक माणूस आहात," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक जण वाद घालतात." त्यांनी चौकट उतरवून शिपायाकडे दिली. मग जोसिमारने तीन प्रतींत सहीनिशी लिहून दिलं, की बनावट प्रमाणपत्र मी स्वखुशीने स्वाधीन करत असून पुन्हा असा गुन्हा करणार नाही. चौकटीसकट कागद जप्त मालाच्या पोत्यात गेला.

गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन डॉक्टर परत आले. आवाज खाली करून म्हणाले, "घरी डबा आहे माझ्या. चिप बसवलेली आहे, कुणा दुसऱ्याकडून. परवा बायकोने हौसेने अस्सल गेम आणला, मोठ्या दुकानातून, पावतीसकट. अर्ध्यावर पडदा लाल होतो हो."

"चिप जुनी असेल, डॉक्टर. फार बोलते. घेऊन या, बदलून देतो."

"आणि तोवर?"

"तोवर क्लेबरकडून कॉपी घेऊन जा. कॉपीतून ती कान देण्याची तपासणीच काढून टाकलेली असते. ती चालेल."

डॉक्टरांनी कॉपी घेतली. जोसिमारने कोरी चिप पाटीत खोचली आणि प्रोग्रॅम सोडला. भिंतीवर मोकळी जागा चौकोनी दिसत होती, म्हणून त्याने तिथे साक्षांकित प्रत चिकटवली. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकांनी ती वाचली, ब्याण्णव टक्के पाहून माना डोलावल्या आणि डबे ठेवून गेले. अकरा वर्षांत आधीचा डिप्लोमा कुणी वाचला नव्हता.

ही हकीकत मी आपल्याकडे सांगतो तेव्हा मंडळी मांडीवर थाप मारून हसतात आणि म्हणतात, काय तो देश, काय ती माणसं! तुम्हीही हसला असाल. हसणं आवरलं की तुमच्या कपाटातली ती जुनी फाइल काढा. तिच्यात नोकरीला लागताना जोडलेला चारित्र्याचा दाखला असेल. "यांना मी गेली तीन वर्षं व्यक्तिशः ओळखतो", खाली राजपत्रित अधिकाऱ्याची हिरवी सही आणि गोल शिक्का. सही करताना त्या साहेबांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं होतं का? आणि तुम्ही, अस्सल चारित्र्याचा माणूस, तेव्हा काय बोलला होतात?