सरांच्या गाडीचा अर्थ

सरांनी किल्ली फिरवली, गाडीने 'टक्' केलं आणि ती गप्प बसली. त्यांनी पुन्हा फिरवली, तेव्हा तिने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

गाडी सव्वीस वर्षांची होती. सर शाळेत चाळीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झाले होते, पण गाडीला त्यांनी निवृत्त होऊ दिलं नव्हतं. हल्ली तिच्या तऱ्हा वाढल्या होत्या. ब्रेक दाबला की रेडिओ बंद पडे, उजवा इंडिकेटर दिला की वायपर रेंगाळत, हॉर्न वाजवला की पुढचे दिवे डोळे मिचकावत. चार्जिंगचा तांबडा दिवा तर कायम मिणमिणता. वयोमानाप्रमाणे चालायचंच, असं सर म्हणत. जावईबापूंना ते पटत नसे, कारण गेल्या खेपेला गाडी भर चौकात बंद पडली होती आणि ती ढकलताना त्यांच्या ऑफिसच्या इथल्या शाखेतल्या तिघांनी त्यांना पाहिलं होतं.

तेव्हापासून जावयाने हट्टच धरला होता. येत्या रविवारी गाडीने आपल्याला स्टेशनवरून घरी सुखरूप आणलं तर ती राहील, नाही तर सोमवारी भंगारवाला येऊन घेऊन जाईल. मुलगी याला कबूल झाली आणि सरांच्या बायकोनेही मान डोलावली. हे सरांच्या मनाला फार लागलं. याच गाडीतून त्यांनी मुलीला जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आणलं होतं. आणि आता गुरुवार उजाडला होता.

कोपऱ्यावरचा ऑटो-इलेक्ट्रिशियन आला. त्याने बॉनेट उघडलं, मीटरच्या दोन काड्या इकडेतिकडे टेकवल्या, दहा मिनिटं डोकं आत घालून उभा राहिला आणि हात पुसत शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या गाडीला अर्थ नाहीये."

सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय नाहीये?"

"अर्थ. म्हणजे आहे, पण नावालाच. पार सडलाय. मी नवीन लावून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे."

"मी चाळीस वर्षं मुलांना अर्थ लावायला शिकवलंय," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. "माझ्या गाडीला अर्थ आहे की नाही, ते तुम्ही मला सांगू नका."

इलेक्ट्रिशियन बिचारा साधा माणूस. सरांना हेही काम येतं याचं त्याला कौतुकच वाटलं. मग तुम्हीच लावा की, मला कशाला बोलावलंत, असं अगदी मनापासून म्हणून त्याने आपली पेटी उचलली. सरांना तो टोमणा वाटला.

शुक्रवारी सरांनी नवी बॅटरी आणली. गाडी सुरू झाली, ऐटीत कोपऱ्यापर्यंत गेली आणि त्या इलेक्ट्रिशियनच्याच दुकानासमोर बंद पडली. सरांनी मान दुसरीकडे वळवून ती ढकलत घरी आणली. बॅटरीवाल्याने दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर ढकलला. अल्टरनेटरवाल्याने तो खोलून टेबलावर फिरवून पाहिला, ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि परत बसवून देता देता म्हणाला की एकदा गाडीचा अर्थ बघून घ्या.

आता मात्र सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक माणूस उद्धट असू शकतो. पण अख्खा बाजार एकाच शब्दात आपल्या गाडीचा अपमान करतो म्हणजे कुणीतरी पढवून ठेवलेलं आहे. त्यांनी तडक मुलीला फोन लावला आणि जावईबापूंना सांग, गाडी भंगारात काढायला माणसं फोडायची गरज नव्हती, एवढं बोलून ठेवून दिला. मुलीला काही कळेना. जावयाने ते ऐकलं आणि सासऱ्यांची तब्येत बरी दिसत नाही असं ठरवून भंगारवाल्याला सोमवारऐवजी रविवारी संध्याकाळीच बोलावून घेतलं.

शनिवारी दुपारी सर तोंड पाडून स्वयंपाकघरात बसले होते. बायको भाजी चिरत होती. तीही त्याच शाळेत होती, विज्ञान शिकवायची. तिने दोनदा विचारल्यावर सरांनी बाजाराच्या कटाची सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता तिने सुरी बाजूला ठेवली, कारण हसताना बोट कापायची भीती होती.

"अहो, अर्थ म्हणजे तो अर्थ नव्हे. बॅटरीची एक तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, तिला हे लोक इंग्रजीतला 'अर्थ' म्हणतात, जमीन या अर्थाचा. ती गंजली की विजेला परतीचा रस्ता राहत नाही. मग ती वाट फुटेल तिकडे जाते. म्हणून ब्रेक दाबला की तुमचा रेडिओ जातो."

सरांमधला भाषेचा शिक्षक जागा झाला.

"तुमच्या पुस्तकात काय म्हणतात त्याला?"

"भूसंपर्कन."

"मग त्या माणसाला भूसंपर्कन म्हणायला काय झालं होतं?"

"आणि संदर्भावरून शब्द ओळखायला तुम्हाला काय झालं होतं?" बायको म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरू लागली.

सर कपडे बदलून कोपऱ्यावर गेले. माफी कशी मागावी याची त्यांनी वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, पण एकाचीही गरज पडली नाही. इलेक्ट्रिशियनला वाटलं, सरांना जमलं नसेल. त्याने गंजलेला बोल्ट पान्याने सोडवला, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि तांब्याच्या तारांची नवी पट्टी आवळून बसवली. सर हात पाठीमागे बांधून, परीक्षेत सुपरव्हिजन करावी तसे वाकून सगळं पाहत होते. कुठला बोल्ट, कितीचा पाना, सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं.

रविवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तांबडा दिवा विझला, तो विझलाच. स्टेशनहून निघाल्यावर पहिल्या सिग्नलपर्यंत जावईबापू दाराचं हँडल धरून बसले होते. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी हँडल सोडलं. तिसऱ्याला त्यांनी, मी चालवून बघू का, असं विचारलं. घरी पोचल्यावर त्यांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या रुमालाने बॉनेट पुसलं. सरांचा ऊर भरून आला.

जेवताना जावईबापू म्हणाले, "बाबा, असं इंजिन आता मिळत नाही. या वयात तुम्ही कशाला गाडीची दगदग करता? उद्या सकाळी आम्ही हिच्यातूनच जातो. माझ्याकडे नीट राहील."

मुलीला आनंद झाला. गाडी घरातल्या घरात राहिली म्हणून बायकोलाही झाला. सरांना भंगारवाल्याशी भांडता आलं असतं, पण इतक्या प्रेमाने मागणाऱ्या जावयाला नाही कसं म्हणायचं? ते पाणी प्यायले आणि 'बरं' म्हणाले.

सोमवारी सकाळी बॅगा गाडीत चढल्या. जावईबापूंनी आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पाच-सहा वेळा फिरवूनही काही झालं नाही. त्यांना तो चौक आठवला असावा, कारण ते मुकाट्याने उतरले, बॅगा खाली काढल्या आणि टॅक्सीला फोन केला.

"काल तर छान चालत होती, बाबा. अचानक काय झालं?"

सर आयुष्यात कधी खोटं बोललेले नव्हते आणि जावयाशी तर बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी खिशातला दहा नंबरचा पाना मुठीत घट्ट धरला आणि सुस्कारा सोडला.

"काय सांगू, जावईबापू," ते म्हणाले. "या गाडीला आता काही अर्थ राहिलेला नाही."