फुटपाथवरच्या सहा खुर्च्या

सासरेबुवांना फोनवर शहरांच्या बातम्या वाचायचा नाद होता. कुठल्या शहरात सायकलींना वेगळा रस्ता मिळाला, कुठे गच्चीवर वांगी पिकली, सगळं तोंडपाठ. शेगडीवरचं दूध समोर उतू गेलं तरी त्याची बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

त्या दिवशी त्यांनी लेख वाचला, की ज्या गल्लीत माणसं दाराबाहेर खुर्च्या टाकून बसतात तिथे ओळखी वाढतात. झालं. सासूबाई आणि सून स्वयंपाकात गुंतलेल्या बघून त्यांनी जेवणाच्या सहाही खुर्च्या एकेक करून खाली नेल्या, फुटपाथवर ओळीने मांडल्या आणि चष्मा आणायला वर आले. परत खाली जाऊन बघतात तर फुटपाथ मोकळा, आणि मोडकं सामान गोळा करणारी गाडी कोपऱ्यावरून वळतेय.

"खुर्च्या कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

"गेल्या."

"पाय फुटले त्यांना?"

मग उलगडा झाला. गाडी आज याच गल्लीत येणार, हे त्याच बातम्यांत खाली दोन ओळींत दिलेलं होतं. सासरेबुवांनी ते सोडून दिलं होतं, कारण म्हणे अक्षर बारीक होतं.

"सातासमुद्रापारची गटारं दिसतात तुम्हाला. आपल्या दारातलं तेवढं बारीक."

सुनेची साहेबीण संध्याकाळी जेवायला यायची होती. वर्षभर सून कच्च्या नोकरीवर होती आणि कायम करायचं की घरी बसवायचं ते या आठवड्यात ठरणार होतं. सून मटकन जमिनीवर बसली. दुसरीकडे बसायला काही उरलंच नव्हतं. गाडीवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, उद्या या.

सासूबाईंनी आजवर कुणाच्या दारात काही मागितलं नव्हतं. शेजारणीशी तर पाणी सांडण्यावरून झालेल्या भांडणापलीकडे बोलणंही नव्हतं. त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या आणि आधी तिचंच दार वाजवलं. शेजारणीने दोन स्टुलं दिली, वर उशा दिल्या. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीने बाकडं दिलं आणि त्याचं एक टोक धरून स्वतः जिना चढली. न्हाव्याने तर दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्चीच आणून ठेवली.

साहेबीण नेमकी तीवर बसली. कुठला तरी दांडा तिच्या हाताला लागला आणि ती पापडासकट आडवी झाली. सून खुर्ची सरळ करायला धावली.

"राहू दे गं," साहेबीण छताकडे बघत म्हणाली. "किती दिवसांनी पाठ टेकली."

तेवढ्यात न्हावी खुर्चीच्या काळजीने डोकावला. सासूबाईंनी त्यालाही पानावर बसवलं. मग डॉक्टरीण आली, शेजारीण आली, हशा झाला, खुर्च्यांची सगळी कथा बाहेर पडली. साहेबिणीने ती पडल्यापडल्याच ऐकली.

"ऐन वेळी सगळं हातचं गेल्यावर एवढी सोय लावणारं माणूस मी शोधतेय. सोमवारपासून तू कायम."

"सोय मी नाही लावली, मॅडम," सून म्हणाली. "आईंनी लावली. आईंच्या जिवावर मी नोकरी करते."

सासूबाईंना एकदम आमटी वाढायची आठवण झाली.

सगळे आपापलं बूड टेकायचं सामान घेऊन गेले, तेव्हा सासूबाई दाराशी नवऱ्याजवळ उभ्या होत्या. "बरं झालं हो, खुर्च्या खाली नेल्यात," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"दार लावा म्हटलं."

सासरेबुवांनी लावलं नाही. ऐकू आलं होतं त्यांना. पुन्हा एकदा ऐकायचं होतं.