फटफटीची साखळी आणि पडवीचा खांब

मेहुण्याला मी रिकाम्या दमणीनं परत पाठवलं, तिथून सगळी भानगड सुरू झाली. गिरधर बिचारा अखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, बहिणीला न्यायला पहूरहून जळगावपर्यंत बैल हाकत आला होता. मुराळी म्हणून त्याला गूळपाणी दिलं, जेवू घातलं आणि ऐटीत सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे. मला अखाजीच्या दिवशी रजा आहे. हिला मी फटफटीवर घेऊन येतो, आमरसाच्या पंगतीला हजर."

फटफटी घेऊन मला दोनच महिने झाले होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं ती फारच स्वस्तात दिली (का दिली, ते तो बोटीत बसल्यावर कळलं). कापसाच्या जिनिंग प्रेसमधल्या साध्या कारकुनाकडे फटफटी म्हणजे आळीला रोजची करमणूक होती. मी चालू करायला लागलो की माणसं ओट्यावर येऊन बसत.

पण माझ्या बायकोचं, प्रमिलेचं, तसं नव्हतं. दोन वर्षं तिची अखाजी हुकली होती. एकदा माझ्या आईचं दुखणं निघालं, एकदा माझी रजा बुडाली. आमच्या खानदेशात सासुरवाशिणीची दिवाळी चुकली तर एक वेळ चालतं, अखाजी चुकून चालत नाही. निंबाला झोके टांगलेले, गावोगावच्या मैत्रिणी माहेरी आलेल्या, आणि आपण जळगावात ज्वारी निवडत बसायचं? यंदा तिनं आठ दिवस आधीच गाठोडं बांधलं होतं. त्यातून रोज एकेक लुगडं काढून नेसायची आणि परत बांधायची.

अखाजीच्या सकाळी फटफटी कोपऱ्यापर्यंत गेली, खाडकन आवाज झाला आणि साखळी रस्त्यावर पडली. मी घाबरलो नाही. असं कधीतरी होणार म्हणून मुंबईहून नवी साखळी मागवून ठेवली होती (आयुष्यातला माझा एकमेव दूरदर्शीपणा). प्रमिला म्हणाली, तोताराम मिस्त्रीला बोलवा. बस, तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं मुराळी परत पाठवला, त्यानं मिस्त्रीच्या पाया पडायचं? साहेबानं दिलेल्या इंग्रजी पुस्तकात सगळं चित्रांसकट होतं. साखळीची दोन टोकं एकत्र आणायची, शेवटची कडी घालायची, मागून जड वस्तू टेकवायची आणि पुढून रिव्हिटचं डोकं ठोकून बसवायचं. पोरखेळ.

आता मी पडलो साक्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी नवा दोर आला की वडील आधी तो खांबाला घालत, पाय रोवत आणि दोन्ही टोकं धरून ताणत. न ताणलेला दोर ऐन कामात सैल पडतो, हे बाळकडूच. मग नवी साखळी तरी अशीच कशी घालायची? मी ती पडवीच्या खांबाला घातली, पाय लावला आणि घाम फुटेपर्यंत ताणली. दोन्ही टोकं हातात समोरासमोर आली. आता ही सोडून परत कशाला जुळवा, म्हणून मी तिथंच कडी घातली आणि प्रमिलेला वरवंटा आणायला सांगितलं.

तिनं वरवंटा मागून टेकवला. मग म्हणाली, "अहो, पण..."

"कामात मध्ये बोलू नये," मी म्हणालो.

दोन ठोके झाल्यावर ती पुन्हा "अहो" म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. रिव्हिट असं बसलं म्हणता, वा. मोठ्या अभिमानानं मी साखळी उचलून फटफटीकडे निघालो, आणि खांबानं मला मागे ओढलं.

"तुला दिसलं होतं?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलू नये."

शेवटी तोतारामला बोलवावं लागलं. तो आमच्या धुळ्याकडचा. खांबाभोवती एक फेरी मारून त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "भाऊ, हाई फटफटी खांबनाच भोवते फिरावनी शे का?"

त्यानं कानस लावून माझं रिव्हिट घासलं. साखळी सुटली, पण जोडायची कडी निकामी झाली, आणि पार्सलात कडी एकच आलेली. दुसरी मुंबईहून यायला आठ दिवस. उन्हं माथ्यावर आली होती. प्रमिला उंबऱ्यावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पहूरच्या दिशेला बघत होती. खरं सांगतो, त्या घटकेला मला माझी लाज वाटली. गिरधरच्या दमणीत ती केव्हाच पोचली असती.

जरा वेळानं ती उठली, कोपऱ्यात फेकलेली जुनी साखळी घेऊन आली आणि तोतारामपुढे टाकून म्हणाली, "हिची एकच कडी तुटली ना? मग बाकीच्या काय लोणच्याला ठेवायच्या आहेत?"

तोताराम माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनीले मन्हा दुकानवर धाडा, तुम्ही सयपाक करा." त्यानं जुनीतली एक धड कडी काढली, नवी साखळी आधी फटफटीच्या दोन्ही दातेरी चाकांवर चढवली (हे पुस्तकातही होतं, पुढच्या पानावर) आणि मग ठोकली.

पंगत हुकली, पण उन्हं कलायच्या आत आम्ही पहूरला पोचलो. प्रमिला गाठोड्यासकट पोरींच्या घोळक्यात शिरली. दोन वर्षांनी मी तिला असं मोकळं हसताना पाहिलं आणि सगळं भरून पावलं. वर बापाला सांगताना ती म्हणाली की साखळी ह्यांनीच ठोकली. खोटं काहीच नव्हतं. माझी छाती फुगली.

सासरे, पितांबरआबा, खूश झाले. लेकीच्या झोक्यासाठी आणलेला नवाकोरा दोर माझ्या हातात देत म्हणाले, "जावईबापू, तुमचा हात कामाचा. एवढा ताणून द्या."

मी ओट्याच्या खांबाजवळ गेलो. तेवढ्यात निंबाखालून प्रमिलेचा आवाज आला, "आबा, दोर त्यांच्याकडे देऊ नका. मला झोका निंबाला हवाय, खांबाला नको."

तोवर मी गाठ मारली होती.