न्यायला कोण येणार

"आलात का? दार लोटून घ्या, वारा येतोय."

स्वयंपाकघरातून येणारा हा आवाज थांबून कितीतरी वर्षं झाली. तरी शाळेचे कारकून रोज संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरले, की आधी दार लोटून घेत आणि क्षणभर तसेच उभे राहत. घर गप्प. नळ तेवढा टिपटिप बोलायचा.

शाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या प्राथमिक शाळेत ते बदलून आले तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "बऱ्या आहेत." नव्या जागी आल्या आल्या रडगाणं कशाला, एवढंच मनात होतं. पुढे सहल टाळायची म्हणून त्यांनी वहिनींचे गुडघे दुखायला लावले. तर शिक्षकांनी मिळून गरम पाण्याची पिशवी भेट दिली. मग रोज गुडघ्यांची चौकशी सुरू झाली, तेव्हा नाइलाजानं ते बरे करावे लागले. "निघतो, ही वाट बघत असेल," असं म्हणत ते सगळ्यांच्या आधी शाळेतून निघत आणि लांबच्या रस्त्यानं, रमतगमत घरी पोचत.

अशात शाळेत बालसुरक्षेचे नवे नियम आले. गळ्यात ओळखपत्र नसलेलं मोठं माणूस वर्गांकडे दिसलं, की त्याला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवायचं आणि मुख्याध्यापिकेची, म्हणजे मोठ्या बाईंची, हमी मिळेपर्यंत हलू द्यायचं नाही. नियम पाळले जातात का, हे बघायला मोठ्या बाईंनी कारकुनांना गुपचूप बोलावलं.

"ओळखपत्र माझ्याकडे द्या. खिशात गोळ्या ठेवा आणि शेवटच्या तासाला पहिलीच्या वर्गापाशी घुटमळा. कोण अडवतं बघू. मी येईपर्यंत मात्र यातलं अवाक्षर काढायचं नाही."

एवढं सांगून मोठ्या बाई मीटिंगला गेल्या. मीटिंगला बसलं की फोन बंद ठेवायची त्यांची सवय होती.

कारकुनांना घुटमळायला फार वेळ मिळाला नाही. सुरक्षेचं काम बघणाऱ्या तरुण बाई समोर उभ्या राहिल्या.

"काका, ओळखपत्र?"

"नाहीये."

"खिशात काय आहे?"

"गोळ्या."

"कुणासाठी?"

बाईंनी त्यांना बाकावर आणून बसवलं.

"अहो, तुम्ही मला ओळखता ना? तुमच्या पगाराचे कागद मीच करतो."

"ओळखते. पण प्रशिक्षणात तेच तर सांगितलं होतं. त्रास देणारं माणूस बहुतेक वेळा ओळखीचंच असतं. राग मानू नका."

राग कसा मानणार? पोरीचं बरोबर होतं. थोड्या वेळानं धीर सुटून त्यांनी मोठ्या बाईंचं गुपित फोडलं.

"वरून पाठवलंय, असं सगळेच म्हणतात काका. हेही शिकवलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "मोठ्या बाईंचा फोन लागत नाही. तुम्हाला असं बसवून ठेवायला मलाही बरं वाटत नाही. मुलांचा नियम तुम्हाला लावू. घरचं माणूस आलं की सोडू. वहिनींचा नंबर द्या."

"तिच्याकडे फोन नाही."

"गेल्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, ही सारखी फोनवर असते."

"म्हणजे आहे, पण बिघडलाय."

"मग शिपायाला घरी पाठवते. रिक्षानं आणेल."

"नको. ती बहिणीकडे गेलीय."

"सकाळी डबा कुणी दिला मग?"

"तिनंच. डबा देऊन गेली."

"बहिणीचा नंबर?"

"बहिणीचाही बिघडलाय."

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दोन घरांतले दोन फोन एकाच दिवशी बिघडल्याबद्दल कारकुनांना स्वतःचीच लाज वाटली.

शाळा सुटली. कुणाची आई, कुणाचे बाबा, कुणाची आत्या. एकेक हात एकेका हातात गेला आणि फाटक रिकामं झालं. बाकावर कारकून उरले आणि पलीकडच्या टोकाला दप्तर मांडीवर घेतलेली दुसरीतली एक मुलगी. समोरच टेबल टाकून बाई दोघांवर लक्ष ठेवून होत्या.

"माझी आई उशिरा येते," मुलगी म्हणाली. "तुम्हाला न्यायला कोण येणार?"

कारकुनांनी छताकडे पाहिलं. "बघू."

"कोणीच येणार नसेल तर तसं सांगायचं. मी एकदा सांगितलं नव्हतं, तर नुसतीच बसून राहिले. मग पोटात दुखलं. बाई म्हणाल्या, मनात ठेवलं की दुखतं."

कारकुनांना काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात धापा टाकत आई आली आणि मुलगी उड्या मारत गेली. मागोमाग मोठ्या बाईही आल्या. बाकाकडे बघून त्या थबकल्या, मग हसतच सुटल्या.

"अजून इथेच? म्हणजे चाचणी पास. शाबास हो, बाई." ओळखपत्र कारकुनांच्या हातात देऊन त्या आत गेल्या.

सुटले बिचारे. कुणी काही विचारणार नव्हतं. वहिनी पुन्हा आपल्या जागी सुखरूप होत्या. कारकुनांनी पिशवी उचलली. पण तरुण बाईंचे डोळे भरून आले होते.

"काका, मी तुम्हाला चोरासारखं बसवलं. वहिनींना कळलं तर काय म्हणतील? रविवारी येऊ का घरी? त्यांच्यासमोर माफी मागते, म्हणजे मला बरं वाटेल."

ओठांवर उत्तर तयार होतं: रविवारी आम्ही नाही आहोत. कारकुनांनी ते गिळलं. ते पुन्हा बाकावर बसले.

"माफी कसली, पोरी. तू काम चोख केलंस. पण रविवारी ये. नक्की ये. सगळी उत्तरं चुकली माझी, आता एक बरोबर देतो." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "ती नाही. या शाळेत मी यायच्या आधीच गेली. घरी मी एकटाच असतो."