थोरल्या सरदाराची बदली जाहली त्याची हकीकत

श्रीधन्वंतरी साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीचे सुमारास कर्करोगियांचे राज्यात जे घडले ते जैसे घडले तैसे लिहिले असे, कोणाची भीड धरिली नाही.

त्या राज्यात अंबूबाई गवंडे नामे रोगी होती. कर्करोगाचे जालीम औषधाने रोगाची फौज मारिली आणि त्याच धामधुमीत अंगची शिबंदी, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी, त्याही कापल्या गेल्या. मग वेस उघडी पाहोन जंतू रक्तात शिरले आणि ताप चढला. राज्याची वहिवाट ऐसी की ताप येताच थोरला सरदार, म्हणजे थोरले प्रतिजैविक, रवाना करावा, का की परमुलखी त्याने मोठ्या लढाया फत्ते केल्या होत्या. तीन दिवस जाहले, ताप हटेना, बाईस धाप लागली. इकडे प्रयोगशाळेच्या कारभारीण सगुणाबाई रेगे यांनी तिचे रक्तातील जंतू काचेचे थाळीत वाढविले आणि वरी निरनिराळ्या औषधांत भिजविल्या कागदाच्या चकत्या ठेविल्या, मग पाहतात तो थोरल्याचे चकतीस जंतू खेटोन बसले, जावई सासुरवाडीस बसतो तैसे. आणि अडगळीत टाकिले जुने दुय्यम औषध, त्याचे भोवती जंतू मरोन बोटभर मैदान साफ. सगुणाबाईंचे मस्तक फिरले. मागील चाळीस रोग्यांच्या थाळ्यांत हाच प्रकार, त्याचे टिपण दोन वेळा दरबारी, म्हणजे थोरल्या डॉक्टरांकडे, पाठविले आणि दोन्ही वेळा "पाहू" इतकाच जबाब आला होता. मग बाई थाळी हाती घेऊन खुद्द वॉर्डात चालोन गेल्या.

थोरले डॉक्टर दाजीसाहेब कोपले आणि बोलिले, "त्या औषधाचे नाव जगात गाजते. तुम्ही थाळ्या सांभाळाव्या, मसलत आम्ही करू." सगुणाबाई बोलिल्या, "गाजत असेल जगात. इथे जंतू त्याला हिंग लावूनही विचारीत नाहीत. वेळ दवडाल तर ही बाई हातची जाईल. मी इथून हलत नाही, काय करायचे ते करा." तो खाटेवरोन अंबूबाई धापा टाकीत बोलिली, "डॉक्टरसाहेब, ताप माझा आहे. ज्याच्यानं उतरेल त्याला धाडा, नाव घेऊन काय चाटायचंय?" मग दाजीसाहेबांनी मोजपट्टी मागविली, थाळीतील साफ मैदान आपले हाते मोजिले, पुन्हा मोजिले आणि मान खाली घालोन दुय्यमाचा हुकूम लिहिला. दुय्यम शिरेत उतरले, दुसरे दिवशी ताप हटला आणि तिसरे दिवशी अंबूबाईने पेज परत धाडोन भाकर मागितली.

सारांश, कर्करोग गेला नाही, ती लढाई पुढे आहेच. आणि जंतू हुशार, उद्या दुय्यमासही ओळखतील. ओळखोत बापडे. सगुणाबाईंनी नव्या थाळ्या मांडिल्या आहेत, आणि आता त्या टिपण दरबारी पाठवीत नाहीत, स्वतः घेऊन जातात.